गल्ला कोणाच्या हातात?

पत्र (ओळख पटेल असा मजकूर गाळून, थोडक्यात)

ताई, मी वीस वर्षांची आहे. धुळ्यात राहते, एस.वाय. बी.ए.ला आहे. आईआप्पांची भाजीची हातगाडी आहे. आप्पा पहाटे मार्केटातून माल आणतात, आई दिवसभर विकते. संध्याकाळी आप्पा येतात, गल्ला खिशात घालतात आणि गुत्त्यावर जातात. आधी कधीतरी प्यायचे. मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांत मालाचे अठरा हजार हरले, तेव्हापासून रोजचंच झालं. आता एका डेलीवाल्या सावकाराकडून दहा हजार उचललेत. हातात नऊच आले. रोज शंभर रुपये न्यायला त्याचा पोऱ्या गाडीवर येतो. आईआप्पा एकमेकांशी बोलत नाहीत. "तुझ्या बापाला सांग", "तुझ्या आईला विचार", सगळं माझ्या तोंडून. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकांसमोर भांडण झालं आणि आप्पांनी अर्ध्या किलोचं माप आईला फेकून मारलं. खांद्याला लागलं. भाऊ तेरा वर्षांचा, आठवीत आहे. दिवाळीपासून शाळेत जात नाही, गाडीवर उभा राहतो. आईला रात्री झोप नाही, छातीत धडधडतं म्हणते. मला सुरतचं स्थळ आलंय, मुलगा बरा वाटतो. मैत्रीण म्हणते, सुटशील. पण मी गेले तर यांचं काय होईल? राहिले तर माझं काय? आईला म्हणू का, सोडून दे यांना? मला आप्पांचा रागही येतो आणि कीवही येते.

उत्तर

प्रिय मुली,

आधी त्या अर्ध्या किलोच्या मापाबद्दल बोलू. तुझ्या पत्रात ते इतर गोष्टींच्या मधे कुठेतरी एका ओळीत आलंय. लोखंडाचं माप खांद्याऐवजी कपाळावर बसलं असतं तर तू मला वेगळं पत्र लिहिलं असतंस. म्हणून पुन्हा तसं झालं तर काय करायचं, हे आजच ठरवून ठेव. भांडण तापतंय असं दिसलं की आई आणि भाऊ कोणत्या शेजारणीकडे जातील, ते तिला आधी विचारून ठेव. 112 हा पोलिसांचा आणि 181 हा महिलांच्या मदतीचा नंबर भावालाही पाठ करून दे. खांदा अजून दुखत असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि केसपेपर काढताना "पडले" म्हणू नका. कसं लागलं ते खरं सांगा. तो कागद जपून ठेवा. प्रत्येक जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर असतं. तिथे औषधपाणी, पोलीस, वकील आणि गरज पडली तर काही दिवस राहायची सोय, हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं.

आईला एक गोष्ट माहीत नसेल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाण तर येतेच, पण बाईची कमाई काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं हाही छळच मानला आहे. दिवसभर आईने विकायचं आणि संध्याकाळी सगळा गल्ला आप्पांनी न्यायचा, हे त्यात बसतं. तक्रार म्हणजे लगेच आप्पांना आत टाकणं, असं नाही. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि "मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही" एवढाच आदेश कोर्टाकडून मागता येतो. घर आप्पांच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे. वकिलाच्या फीची काळजी नको. बाईला तिची कमाई कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन नंबर 15100.

आता गल्ल्याकडे येते. तुमच्या घरातली बरीचशी भांडणं तिथून निघतात, असं मला तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचून वाटतंय. दारू आहेच. पण दारू नसलेल्या गाडीवाल्यांच्या घरांतूनही मला अगदी असंच भांडण लिहून येतं. कारण एकच. गाडीवर कोणालाच मजुरी नसते. सगळी रोकड एका पत्र्याच्या डब्यात पडते आणि रात्री तो डबा ज्याच्या हातात, तो घराचा मालक.

समज, आप्पांनी पहाटे लिलावातून तीन हजारांचा माल उचलला. आईने तो रात्रीपर्यंत चार हजारांना विकला. आप्पांच्या खिशात चार हजार जातात आणि त्यांना वाटतं, आज चार हजार कमावले. प्रत्यक्षात तीन हजार उद्याच्या मालाचे आहेत, ते कोणाचेच नाहीत. उरलेल्या हजारातून गाडीचं भाडं, हमाली, पिशव्या, उन्हाने मान टाकलेली मेथी-कोथिंबीर, डेलीवाल्याचे शंभर. हे सगळं जाऊन जे राहतं, ती पहाटे चारला उठणाऱ्या आप्पांची, दिवसभर उभ्या असलेल्या आईची आणि शाळा बुडवलेल्या तुझ्या भावाची मिळून कमाई. गुत्त्यावर आप्पा नफा उडवत नाहीत, भांडवल उडवतात. म्हणून पहाटे हात रिकामा, म्हणून डेलीवाला.

त्या डेलीवाल्याचाही हिशोब घे. हातात नऊ हजार, आणि रोज शंभर प्रमाणे शंभर दिवस म्हणजे परत दहा हजार. ऐकायला हजारच रुपये जास्त वाटतात. पण मुद्दल रोज थोडं थोडं परत जात असतं, त्यामुळे वर्षाच्या हिशेबाने हे व्याज ऐंशी टक्क्यांच्या जवळपास पोचतं. परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परवाना नसेल तर हा धंदाच 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात होते. पण आज तू त्या पोऱ्याशी भांडायला जाऊ नकोस. आधी किती दिवस भरले, किती राहिले, ते वहीत तारखेसह लिही. हा हप्ता फिटला की दुसरा उचलायचा नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ आहे. कोणी गाडीवर येऊन दमदाटी केली, माल फेकला, तर मात्र थेट पोलीस ठाणं.

माझं सांगणं असं. रात्री हिशोब झाला की उद्याच्या मालाचे पैसे सगळ्यात आधी बाजूला निघाले पाहिजेत, आणि ते आईकडे राहिले पाहिजेत. मग आप्पांना पहाटेच्या कामाची ठरलेली मजुरी, आईला दिवसाची ठरलेली मजुरी, उरलं ते घरखर्चाला. आप्पा त्यांच्या मजुरीचं काय करतील, हे मला दिसतंय. ती दारूत जाईल. मला ते मुळीच आवडत नाही आणि तुलाही नाही आवडणार. तरी मी हेच म्हणेन, कारण ज्या दिवशी भांडवल वाचेल त्या दिवशी पहाटे कर्ज लागणार नाही. दारूशी लढाई लांबची आहे. ती जिंकेपर्यंत गाडी बंद पडता कामा नये.

तू लिहिलं नाहीस, पण तुमच्याही गाडीवर आता क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकत असेल. तो कोणाच्या खात्याचा आहे? बहुतेक आप्पांच्या. आई दिवसभर "फोनवर टाका" म्हणत असेल आणि पैसे आप्पांच्या मोबाइलवर वाजत असतील. दुसरा कोड आईच्या खात्याचा काढा. तिचं जनधनचं किंवा लाडकी बहीणचं खातं असेलच. त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि पिन कोणाकडे आहे तेही बघ. आईला लिहितावाचता कमी येत असलं तरी आलेले पैसे मोबाइलवर कसे बघायचे, हे तू तिला दोन संध्याकाळी बसून शिकवू शकतेस. पण पुठ्ठा गुपचूप बदलू नका. आप्पांना तो गाडीवर गिऱ्हाइकांसमोर कळला तर पुन्हा माप उडेल.

मग हे आप्पांना सांगायचं कोणी? तू नाही. ठामपणे सांगते, तू नाही. असा माणूस शोध ज्याच्यापुढे आप्पा आवाज चढवत नाहीत. मामा असेल, थोरले काका असतील. माझा अनुभव विचारशील तर अशा वेळी घरच्यांपेक्षा अडत्याचा शब्द जास्त चालतो. ज्याच्याकडून आप्पा इतकी वर्षं माल उचलतात, त्याचीही उधारी अडकलेली असेल, आणि गाडी टिकावी असं त्यालाही वाटत असणार. आई स्वतः त्याला भेटली आणि म्हणाली, "भाऊ, उधारीचा हिशोब यापुढे माझ्याशी करा," तर तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. बोलणं मार्केट बंद असेल त्या दिवशी, सकाळी, आप्पा शुद्धीत असताना घरात बसून व्हावं. आणि आखाजीच्या आधी व्हावं. आपल्याकडे आखाजी माहेरवाशिणींची, झोक्यांची, आणि पुरुषांच्या पत्त्यांचीही. त्या आठवड्यात मालाची रक्कम आईच्या बँक खात्यातच असू दे. घरातल्या डब्यात किंवा उशीखाली ठेवू नका.

आप्पांच्या कर्जाचाही एक प्रश्न विचार. पीएम स्वनिधीचे पैसे त्यांनी कधी घेतले होते का? 2020 च्या जूनमध्ये, लॉकडाऊनमध्ये, फेरीवाल्यांसाठी ही योजना आली आणि आता तिला 31 मार्च 2030 पर्यंत मुदत आहे. पहिलं कर्ज आता 15 हजारांचं, ते वेळेत फेडलं की 25 हजार, मग 50 हजार. तारण लागत नाही. जुनं थकलं असेल तर बँकेत जाऊन किती बाकी आहे ते विचारा. डेलीवाल्याला रोज शंभर देण्यापेक्षा ती बाकी मिटवणं कितीतरी फायद्याचं.

आणि गाडीचे कागद. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्री प्रमाणपत्र ज्याच्या नावावर आहे तो स्वतः किंवा त्याच्या घरचं माणूस गाडी चालवू शकतं. तो आजारी पडला तर पहिला हक्क जोडीदाराचा. तेव्हा आईने महापालिकेत जाऊन फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नाव कोणाचं लागलंय, प्रमाणपत्र आहे की नाही, याची चौकशी करावी. अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलली तर जप्त मालाची यादी द्यावी लागते, आणि भाजीसारखा नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी सोडावा लागतो, हेही त्याच कायद्यात आहे. हे मी इथे मुद्दाम लिहितेय. ज्या दिवशी गाडी उचलली जाते, त्या रात्री फेरीवाल्यांच्या घरात हमखास भांडण होतं. रस्त्यावर ज्याला चारचौघांत हाकलतात, तो राग त्याच माणसासोबत घरी येतो.

यावरून आप्पांबद्दल. कीव येते म्हणालीस, ती येऊ दे. धुळ्याच्या उन्हात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना, वीस-वीस वर्षं जो माणूस ओझी ओढतो, त्याचं शरीर चाळिशीतच म्हाताऱ्याचं होतं. गुडघे, कंबर, अपमान, आखाजीला हरलेल्या पैशाची लाज, हे सगळं विसरायला बाटली लागते. हे खरं आहे. आणि त्याने माप फेकण्याला माफी मिळत नाही, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवायला जड जातं, पण तुला त्यातलं एक निवडायचं नाही.

दारू सोडवायच्या बाबतीत दोन धोके सांगते. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींची पावडर चहात घालून देऊ नका. अशा औषधावर माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. दुसरं, रोज पिणाऱ्याने एका दिवशी शपथ घेऊन अचानक बंद केली, तर एक-दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, आकडी, नंतर भ्रम असं होऊ शकतं. लोक याला बाहेरचं समजून भगताकडे नेतात. ही दवाखान्याची केस आहे. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभागात दाखवता येतं. आप्पा तयार नसतील तरी आई आणि तू जाऊन माहिती विचारू शकता. 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तो नंबर आईसाठीही आहे. पण तिला आधी साध्या डॉक्टरकडे ने. छातीतली धडधड काळजीने असू शकते, रक्त कमी असल्यानेही असू शकते, थायरॉईड किंवा बीपीनेही. तपासल्याशिवाय "टेन्शन आहे" म्हणून सोडू नका. आणि तिला एकटीला गाठून विचार, दिवसभरात पाणी किती पिते? गाडीवरच्या बहुतेक बाया जवळ मुतारी नाही म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, डोकेदुखी, चिडचिड. ती कोणाला सांगत नसेल, तुलाही नाही. जवळच्या एखाद्या दुकानदारीणबाईशी, दवाखान्याशी, मंदिराशी बोलून दिवसातून दोनदा जायची सोय करता आली तर औषधाआधी तिला आराम पडेल.

भावाचं मी थांबू देणार नाही. तो तेरा वर्षांचा आहे. चौदापर्यंत शिक्षण हा त्याचा कायद्याने हक्क आहे, आणि इतके महिने गेला नाही म्हणून शाळा त्याला परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. येत्या सोमवारी तू त्याला घेऊन मुख्याध्यापकांना भेट. आईला गाडी सोडता येणार नाही, म्हणून हे एक काम मी तुझ्यावर टाकतेय. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत केलेली चालते. शाळेच्या वेळेत गाडीवर उभं राहणं चालत नाही. तो कदाचित म्हणेल, मला शाळा नको. त्यामागे बहुतेक वेळा एकच भीती असते, मी गाडीवर नसलो तर आप्पा आईला मारतील. त्याला हे विचारून बघ. तो पहारा देतोय, आणि तेरा वर्षांच्या पोराला पहाऱ्यावरून मोकळं करायचं असेल तर मी सुरुवातीला सांगितलेली तजवीज आधी झाली पाहिजे.

तू स्वतः निरोप पोचवणं बंद कर. "तुझ्या बापाला सांग" आलं की एवढंच म्हण, "आई, हे तू सांग. मी नाही सांगणार." भांडू नकोस, समजावू नकोस, फक्त उठून पाणी भर किंवा अभ्यासाला बस. पहिले आठ दिवस घरात भयंकर शांतता होईल. दोघं तुझ्यावर चिडतील. कदाचित मीठ संपलंय हेही कोणी कोणाला सांगणार नाही. होऊ दे. वीस वर्षांची मुलगी दोन मोठ्या माणसांची जीभ झाली की त्या दोघांना बोलायची गरजच उरत नाही.

"सोडून दे यांना" असं आईला म्हणू नकोस. तो निर्णय तिचा. कुठे राहायचं, गाडी कोणाची, लोक काय म्हणतील, हे सगळं तिला निस्तरायचंय. तू एवढंच विचार, "आई, तुला काय हवंय?" तिला हे कोणी कधी विचारलेलं नसेल. ती रडली तर घाई करून दुसरं काही बोलू नकोस. कायद्याची जी माहिती वर लिहिली आहे ती तिला वाचून दाखव आणि थांब.

राहिलं सुरतचं. उधना-लिंबायतकडे आपली खान्देशी माणसं इतकी आहेत की तिथे तुला परकं वाटणार नाही, स्थळही चांगलं असेल. पण लग्न हे सुटण्यासाठी करू नकोस आणि घर सांभाळायचं म्हणून मोडूही नकोस. तुझं शिक्षण अर्ध्यावर आहे. मुलाला स्वतः भेट आणि दोन गोष्टी थेट विचार. मला पदवी पूर्ण करायची आहे, चालेल का? आणि माझ्या घरी दारू आहे, कर्ज आहे, हे तुला माहीत आहे का? दुसरा प्रश्न लाज वाटली तरी विचार, कारण नंतर ते कोणीतरी सांगणारच आहे. त्याच्या घरच्यांकडे परीक्षा होईपर्यंत वेळ माग. दरम्यान हुंड्याचं, मानपानाचं बोलणं आप्पांनी परस्पर डेलीवाल्याच्या भरवशावर करून ठेवू नये, यावर मामांनी लक्ष ठेवावं.

भाऊ शाळेत गेला का आणि आईची तपासणी झाली का, एवढं पंधरा दिवसांत मला कळव. अडत्याशी बोलणं झालं असेल तर तेही लिही. स्थळाचं आपण परीक्षेनंतर पुन्हा बोलू.

तुझी,
ताई